कमाटी बागेला एक सकाळ द्या : सहल कंपन्यांना एका बडोदेकरणीचं खुलं पत्र

प्रति,
पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापुराहून गुजरातच्या सहली काढणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक आणि त्यांचे टूर मॅनेजर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दिवाळीच्या सहलींची पत्रकं छापायला जायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून थोडं घाईनंच लिहितेय. मागणी एकच आहे. बडोद्याच्या कमाटी बागेला, म्हणजे तुमच्या कागदावरच्या सयाजीबागेला, एक अख्खी सकाळ द्या.

सध्या तुम्ही काय देता ते आम्ही रोज बघतो. सकाळी फिरायला येणारी आम्ही मंडळी घरी निघायच्या बेतात असतो, तेव्हा फाटकाबाहेर काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी तुमची बस लागते. टूर मॅनेजर माईक हातात घेऊन सांगतो, "चला मंडळी, अर्धा तास! फुलांचं घड्याळ बघा, फोटो काढा, वॉशरूमला जाऊन या आणि बरोब्बर दहाला बसमध्ये." चाळीस-पंचेचाळीस माणसं लगबगीनं आत जातात. त्यातली निम्मी फाटकाजवळच्या भेळवाल्यापाशी अडकतात. उरलेली घड्याळापर्यंत पोचतात, त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि परत फिरतात. तेवढा वेळ बाहेर बसचं इंजिन घरघरत असतं, कारण आतला एसी थंड राहायला हवा. दहाला लक्ष्मीविलास राजवाडा, दुपारी गुजराती थाळी, मग सरदारांच्या पुतळ्यासाठी केवडियाची वाट. झालं बडोदं!

तुमचं गणित मला कळत नाही असं नाही. माणशी पैसे घेतलेत, तर यादीत ठिकाणं भरपूर दिसली पाहिजेत. पण ही यादी तुम्ही इतर गावांत कशी लावता तेही बघा. उटीला गेलात की बोटॅनिकल गार्डनला दीड-दोन तास ठेवता. १८४८ साली मॅकआयव्हर नावाच्या माळ्यानं ती आखली, हे तुमचे मॅनेजर तोंडपाठ सांगतात. बंगळूरला लालबाग वगळायची तुमची छाती होत नाही. सिंगापूरची बोटॅनिक गार्डन १८५९ची, २०१५ साली युनेस्कोच्या यादीत गेली. ती तर पत्रकाच्या पहिल्या पानावर असते. आणि हॉलंडच्या ट्यूलिपसाठी तुम्ही लोकांकडून किती पैसे घेता ते इथे लिहीत नाही, उगाच माझंच रक्त आटायचं. म्हणजे "आमच्या लोकांना झाडं नको असतात हो, त्यांना राजवाडे लागतात" हे तुमचं नेहमीचं उत्तर टिकत नाही. झाडं लोकांना हवीच असतात. फक्त ती लांबची असली की तुम्ही त्यांना वेळ देता.

आता लालबागेचीच गोष्ट घ्या. तिथे तुमचे मॅनेजर हैदरअली सांगतात, काचेचं घर दाखवतात, आणि जाता जाता क्रुंबिगेल या जर्मन माणसाचं नावही घेतात. रस्त्यालाच त्याचं नाव आहे, टाळणार कसं? गुस्टाव्ह हर्मान क्रुंबिगेल. जन्म ड्रेस्डेनजवळचा, पुढे काम केलं लंडनच्या क्यू गार्डनमध्ये. बंगळूर शहरात वर्षभर आळीपाळीनं फुलणारी झाडं रस्तोरस्ती लावली गेली, एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा यावा अशी, त्या योजनेशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलंय. पण हा माणूस बंगळूरला गेला १९०८ साली. त्याआधी तो कुठे होता? बडोद्यात. १८९३ साली तो इथे आला आणि बडोदा संस्थानाच्या बागांचा कारभार त्याच्या हाती आला. हिंदुस्थानातली माती, ऊन, पाऊस आणि उधई (वाळवी) या माणसानं पहिल्यांदा अनुभवली ती बडोदा संस्थानाच्या नोकरीत. त्याच्या बंगळूरच्या कामाला तुम्ही अर्धा दिवस देता आणि जिथे त्याची सुरुवात झाली त्या बडोद्याच्या बागेला भेळेसकट तीस मिनिटं.

राजवाड्याभोवतीची हिरवळ आखणारा विल्यम गोल्डरिंग, तोही क्यूचाच. हा काही योगायोग नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना माणसं पारखून आणायची सवय होती. ग्रंथालयांसाठी त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला, बागांसाठी क्यूचा माळी आणला. १८८७ साली ते पहिल्यांदा युरोपला गेले आणि पुढे आयुष्यभर जातच राहिले. तिथे बघितलेलं आपल्या गावात कसं रुजेल, हा विचार त्यांच्या डोक्यात कायम असायचा. प्रवास करून आलेल्या माणसानं वाढवलेली बाग आहे ही. प्रवासी लोकांना ती दाखवायची तर एवढी गोष्ट तरी सांगायला नको का?

मॅनेजर मंडळींनी एक दुरुस्तीही करून घ्यावी. "१८७९ साली सयाजीराव महाराजांनी ही बाग जनतेला अर्पण केली," असं तुम्ही सांगता. साल बरोबर आहे. पण महाराजांचं वय तेव्हा सोळा! कौळाण्याहून आणलेलं पोर दत्तक बसून चारच वर्षं झाली होती, शिक्षण चालू होतं, आणि राज्यकारभाराचे अधिकार त्यांना मिळाले ते १८८१च्या डिसेंबरात. १८७९ साली कारभार दिवाण सर टी. माधवरावांच्या हाती होता. तेव्हा त्या तंजावरकडच्या मराठी माणसालाही थोडं श्रेय द्या. महाराजांची खरी कामगिरी पुढची. बाग नुसती हिरवळ आणि कारंज्यांवर सोडून न देता त्यांनी तिच्यात संग्रहालय उभं केलं, चित्रशाळा उभी केली. सकाळी पायाला व्यायाम, दुपारी डोक्याला. आणि दोन्ही सगळ्यांसाठी खुलं.

सुमारे पंचेचाळीस हेक्टरांची, म्हणजे शंभर एकरांहून मोठी जागा आहे ही. ती अर्ध्या तासात कशी बघायची? तर नाहीच बघायची. म्हणून सांगते, सकाळ कशी घालवावी ते.

सातला या. नाश्ता आधी देऊ नका, नाहीतर साडेआठ तिथेच वाजतात. बस काळ्या घोड्यापाशी उभी करा आणि कृपा करून इंजिन बंद करायला सांगा. घोड्यावर महाराज आहेत. पुतळा फ्रान्सिस डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचा, महाराजांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळचा. तो आत जाताना दोन मिनिटं बघायचा, पुरे. मग फुलांच्या घड्याळाकडे. हो, तेही बघायचंच, मी काही त्याच्या वाईटावर नाही. वीस फूट व्यासाची तबकडी आहे. काटे वर, यंत्र जमिनीखाली. पण सकाळी गेलात तर तबकडीच्या कडेला माळी उकिडवा बसलेला सापडू शकतो. हातात कातर, पाय झाडांना लागू नयेत म्हणून अंग चोरलेलं, आणि आकड्याच्या कडा बोटभरसुद्धा फुगू नयेत अशी बारीक छाटणी चाललेली. काटा त्याच्या दिशेनं सरकत आला की तो मान खाली घालतो आणि काम चालू ठेवतो. हे घड्याळाच्या फोटोत येत नाही.

तिथून मोठ्या झाडांकडे वळा. फोटो काढणारे इकडे फारसे येत नाहीत, पण बाग खरी इथे आहे. वडाखाली उभं राहून लोकांना पारंबीचं टोक बघायला सांगा. वरची पारंबी काळपट, दोरखंडासारखी. पण खाली, जिथे ती वाढत असते तिथे, बोटभर भाग फिका, ओलसर आणि नखानं सहज चिरेल इतका कोवळा असतो. ते टोक मोडलं की पारंबीच्या वाढीला धक्का बसतो. मातीला पोचली तर मात्र ती मुळं धरते, जाड होत जाते आणि काही वर्षांनी खोड कुठलं नि पारंबी कुठली ते कळेनासं होतं. कलकत्त्याजवळ शिबपूरच्या बागेतल्या सुप्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीनं कुजलं म्हणून १९२५ साली काढून टाकलं, तरी झाड पारंब्यांवर आजही पसरतंय. एवढं सांगितलंत की तुमच्यातले आजोबा लोक पुढची दहा मिनिटं वडाखालून हलणार नाहीत, बघाच. आणि झोके घ्यायला निघालेल्या नातवंडांना तेच थांबवतील.

कडुनिंब, चिंच, अशोक, ताडाच्या जाती... सगळी नावं इथे देत बसत नाही. तुमच्या सहली ज्या मोसमात येतात त्यापुरतं सांगते. दिवाळीच्या सुट्टीत बडोद्यात बुचाची फुलं येतात. लांब नळीची, पांढरी, रात्री उमलून पहाटे खाली सडा घालणारी. आठनंतर ती माना टाकतात, नाहीतर झाडूवाल्या बायका ती लोटून नेतात. दहाच्या बसवाल्यांना ती दिसणारच नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत शिरिषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. मार्चअखेर कडुनिंब मोहरतो आणि त्याखालून चालताना वास मधाचा येतो. गुढीपाडव्याला पानं चावताना आपण तोंड वाकडं करतो ना, त्याच झाडाचा. मे महिन्यात मात्र येऊ नका. बहावा, गुलमोहर कितीही फुललेले असोत, तुमचे ज्येष्ठ नागरिक बडोद्याच्या उन्हात कोमेजतील आणि बोल बागेला लागेल.

ज्येष्ठांवरून आठवलं. "आमच्या ग्रुपला एवढं चालवत नाही" ही तुमची दुसरी सबब. अहो, पावागडावर तुम्ही याच मंडळींना नेता! इथे सगळी सपाटी आहे, सावली आहे, जागोजागी बाकडी आहेत. ज्यांना चालायचं नाही त्यांना बँडस्टँडपाशी बसवा. तिथे आमच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातले पेन्शनर सकाळी गप्पा छाटत असतात. बडोद्याची मराठी थोडी गुजराती फोडणीची असते, तुमच्या लोकांना गंमत वाटेल. इथले मराठी लोक हीसुद्धा बडोद्यातली बघायची गोष्ट आहे असं माझं मत आहे. २०१८च्या फेब्रुवारीत एक्क्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन इथे झालं तेव्हा महाराष्ट्रातून आलेल्या कितीतरी जणांना "इथे घरात अजून मराठी बोलतात?" याचंच नवल वाटत होतं.

मग नदी. विश्वामित्री बागेतूनच वाहते हे तुमच्या पत्रकांत कुठे असतच नाही. पुलावर उभं राहून खाली कोतरात, म्हणजे नदीच्या घळीत, बघितलं तर थंडीच्या दिवसांत उतारावर ऊन खात पडलेली मगर दिसू शकते. ती प्राणिसंग्रहालयातली नव्हे, नदीतली, मोकळी. या शहराच्या नदीत मगरी शेकड्यांनी आहेत आणि माणसं त्यांच्या शेजारीच राहतात. कॅमेरे बाहेर काढा, पण कठड्यावर मुलांना चढवू नका. हीच नदी २०२४च्या ऑगस्टात खवळली. धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्या वर चढलं. अर्धं शहर पाण्यात होतं, बागही. पिंजऱ्यांतल्या प्राण्यांचे हाल झाले. पुराचं पाणी नदीकाठच्या जुन्या झाडांना नवं नाही, त्यांनी अशी बरीच पाणी बघितली आहेत. कोतरांतली झाडी माती धरून ठेवते. ती तोडून, भराव घालून बांधलं की पाणी कुठे जाणार? हे सगळं पुलावर उभं राहून पाच मिनिटांत समजावता येतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रवाशांना तर समजावायचीही गरज पडणार नाही.

साडेनवाच्या सुमारास बाहेर पडा आणि सेव-उसळ खायला घाला. हॉटेलातला टोस्ट-बटर नको. खाऊन परत आलात की संग्रहालय. १८९४ची इमारत; मँट आणि चिझम या दोघा इंग्रज वास्तुशिल्पकारांच्या हातची. राजवाड्याचा आराखडाही मँटचाच, तेव्हा दुपारी तुलना करायला विषय मिळाला. आत गेल्यावर मुलांना सरळ देवमाशाच्या सांगाड्याकडे न्या. निळा देवमासा, लांबी सुमारे ७२ फूट, १९४४ साली महीच्या मुखाशी सापडलेला. त्याच्या जबड्यापासून शेपटीपर्यंत चालायला मुलांना जितका वेळ लागतो तितका वेळ ती गप्प असतात, असा माझा अनुभव आहे. इजिप्तची ममी आहे, अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती आहेत. इथल्या अकोट्याच्या, तुमच्या अकोल्याच्या नव्हेत. चित्रशाळेची इमारत १९१४ साली तयार झाली, पण युरोपातून घेतलेली चित्रं महायुद्धामुळे तिकडेच अडकून पडली आणि दारं उघडली ती १९२१ साली. चित्रांतलं कळत नसेल तर एवढी गोष्ट सांगा आणि लोकांना मोकळं सोडा. आपापलं एखादं चित्र ज्याचं त्याला सापडतं.



आता पैशाचं. बागेत माणूस आणायला तुम्हाला जास्त खर्च नाही. राजवाड्याच्या तिकिटाच्या मानानं तर काहीच नाही. खर्च करायचाच असेल तर झाडं ओळखणाऱ्या माणसावर करा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ अगदी लगत आहे, तिथे वनस्पतिशास्त्र विभाग आहे, त्यांची स्वतःची बाग आहे. वनस्पतिशास्त्र शिकलेली मुलं-मुली गावात चिकार आहेत. त्यांतल्या एखाद्याला रीतसर मानधन द्या आणि दोन तास तुमच्या ग्रुपबरोबर चालायला सांगा. मराठी बोलणारंच हवं असेल तर तेही मिळेल. तुमच्या मॅनेजरला तेवढा वेळ माईक खाली ठेवावा लागेल. बागेत तसाही तो नकोच. मी वर्गात जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलंय. फळ्यावर काढलेल्या वडापेक्षा दारातला वड मुलांच्या लक्षात राहतो, हे ज्ञान काही फार मोठं नाही. पण तुमची पत्रकं वाचली की ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

राजवाडा दुपारी बघा. तो कुठे पळून जात नाही, आणि तिथे आत सावली आहे. केवडिया नव्वद-शंभर किलोमीटरवर. त्यासाठी बडोद्यात एक मुक्काम वाढवावा लागेल. लागू दे. पहिल्या वर्षी सगळ्या सहलींना हे जमणार नाही हे मलाही कळतं. एक सहल तशी काढून बघा. ज्येष्ठांसाठी जी सावकाश चालणारी सहल असते, तिच्यापासून सुरुवात करा. पत्रकात "सयाजीबाग, फोटो स्टॉप" खोडा आणि लिहा, "सकाळी ७ ते १२ : कमाटी बाग, झाडं, विश्वामित्री आणि संग्रहालय." आणि परतताना बसमध्ये जो अभिप्रायाचा कागद फिरवता, त्यात त्या सकाळीसाठी एक वेगळी ओळ ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
खारीवाव रोडवरची एक बडोदेकर

ता. क. रविवारी येऊ नका. रविवार आमचा असतो. अख्खं बडोदं डबे घेऊन बागेत उतरतं आणि तुमच्या पंचेचाळीस जणांना बाकडी मिळणार नाहीत. प्राणिसंग्रहालयाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, संग्रहालयाच्याही सुट्ट्या असतात. तारीख ठरवण्याआधी फोन करून विचारून घ्या. आणि पावसाळ्यानंतर लगेच येणार असाल तर लोकांना चपला नको, बूट घालायला सांगा, नदीकडची वाट निसरडी असते.